मिशीआडचं 'काहून'

गजेंद्र,

तुझ्या निवृत्तीचा गौरव अंक निघतोय आणि मी त्यात तुझ्यावर लिहायचं आहे, असा तुझ्या शाळेचा निरोप आला. नमुन्यादाखल दोन लेखही पाठवलेत. एकात तू 'ज्ञानतपस्वी' आहेस, दुसऱ्यात 'दीपस्तंभ'. अकोटला समुद्र कधी आला, मला माहीत नाही. माझ्याकडून असलं काही होणार नाही, आधीच सांगते. मी तुझ्या मिशीवर लिहिणार आहे. तू म्हणशील, "म्याडम, तेवढं नका लिहू, बापानं वाचलं त..." वाचू दे की. तुझे वडील नत्थुजी नव्वदीला टेकलेत, पण स्वतःचं नाव छापलेलं दिसलं तर दोन चष्मे लावून वाचतील, आणि खूश होतील.

तुला तुझीच गोष्ट सांगण्यात काही अर्थ नाही. म्हणून इथून पुढे मी वाचकांशी बोलते. तू ऐक. मधे तोंड घालू नकोस.

गजेंद्र माझ्या वर्गात आला तेव्हा मी अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. अकोटजवळच्या खेड्यातला, कापूस-हरभऱ्याच्या घरचा पोरगा. मिसरूड फुटायच्या वयात याला चांगली झुपकेदार मिशी होती. पहिल्याच आठवड्यात मी एक सिद्धता फळ्यावर भरभर उतरवली. मला हळू काही करता येत नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्याडम, तिसरी ओळ काहून?" वर्ग हसला. मी तिसरी ओळ पाहिली. ती 'काहून' ते सांगायला मला उरलेला तास लागला. पुण्याहून बदलून आलेले आमचे एक सहकारी हे ऐकून म्हणाले, "या मुलांना आधी 'का' म्हणायला शिकवा." मी म्हटलं, "'का' विचारणारं पोरगं तुमच्याकडे बघतं. 'काहून' विचारणारं तुमच्या अंगावर येतं. मला दुसरं पाहिजे."

पुढे तो अकोटच्या हायस्कुलात मास्तर झाला आणि तो शब्द सोबत घेऊन गेला. त्याच्या वर्गाची रीतच अशी, की तो एक ओळ लिहून थांबणार, पोरांनी एका आवाजात "काहून?" ओरडायचं, मग तो कारण सांगणार. ज्या ओळीला कोणी 'काहून' म्हटलं नाही, ती तो पुसून टाकायचा. "तुमाले नको त मले तरी कायले?" म्हणायचा.

मी निवृत्त झाल्यावर कॉलेजनं जोडवर्ग नावाचं एक काम माझ्या गळ्यात मारलं. एक मास्तर आपल्या शाळेत शिकवणार, आणि दुसऱ्या तीन शाळांतली, अकोल्याची, चांदूर बाजारची आणि चिखलदऱ्याची दहावीची पोरं आपापल्या वर्गात बसून, मोठ्या पडद्यावर ते बघणार, बोलणार, विचारणार. गणिताला मी गजेंद्रलाच धरलं. वार ठरला मंगळवार. मी अमरावतीहून नुसती देखरेख करायची, म्हणजे चिडचिड करायची.

पहिलं वर्ष मोबाइलच्या भरवशावर चाललं, म्हणजे चाललंच नाही. गजेंद्रच्या तोंडाचे चौकोनी तुकडे व्हायचे. आवाज आधी, चेहरा मागून. चिखलदऱ्याचं 'काहून' येऊन पोचेपर्यंत हा दोन ओळी पुढे गेलेला. एकदा तो म्हणाला, "चला, आता सुट्टी," आणि चिखलदऱ्याहून अख्खा वर्ग ओरडला, "काहून?"

मग रस्त्याच्या कडेनं चर खणले गेले, विद्यापीठ, कॉलेजं आणि या शाळा जोडणारी फायबरची लाइन आली. मला यंत्रांचं कौतुक नाही. पण त्या पहिल्या मंगळवारी गजेंद्रनं ओळ लिहिली आणि चार गावांचं 'काहून' एका दणक्यात आलं, तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. संध्याकाळी त्याचा फोन, "म्याडम, सारे पोट्टे पुढच्या बाकावर येऊन बसले न जी!"

एक पोरगी सोडून. चांदूर बाजारच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी पिंकी. लहानपणी तापात तिचं ऐकू येणं गेलेलं. बोलायला शिकून झालं होतं, म्हणून बोलते. फक्त स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं तो केवढा लावायचा याचा अंदाज नाही. पोरं हसतात म्हणून ती वर्गात गप्पच असायची. तिथली शिक्षिका साधना हिनं मला फोन केला. पिंकीचा बाप मनोज संत्र्यांच्या मंडीत हमाली करतो. त्यानं सांगून टाकलं होतं, की सहामाहीत गणितात नापास झाली तर दहावीचा फॉर्म भरायचा नाही, सरळ शिलाई मशिनवर बसवायचं. "बाकीचे विषय बरे आहेत हो," साधना म्हणाली. "गणितातच काही पोचत नाही तिच्यापर्यंत. आणि पोरगी मठ्ठ नाही, मॅडम. मी सांगते ना."

मी या लाइनी सांभाळणाऱ्या जोडणी केंद्रावर जाऊन भांडले. तिथल्या मंडळींनी उपाय काढला. मास्तर बोलेल ते कॉम्प्युटर ऐकणार आणि पडद्याखाली लिहून दाखवणार. झकास. पण त्या कॉम्प्युटरचं मराठी वर्तमानपत्रातलं. गजेंद्र म्हणाला, "मले सांगा, हे काहून?" खाली उमटलं, 'मळे सांगा, हे खाऊन.' दोन मंगळवार पोरगी वर्तुळाचे मळे खात बसली.

केंद्राचे संचालक म्हणाले, "सरांनी प्रमाण भाषेत बोलावं. जमत नसेल तर आपण दुसरे शिक्षक बघू." मी म्हटलं, "यंत्राला वऱ्हाडी शिकवा, माणसाला काय शिकवता?" पण गजेंद्रच मऊ पडला. "पोरीसाठी बोलून पाह्यतो, म्याडम. तोंड काही झिजत नाई."

पुढच्या मंगळवारी त्यानं सुरू केलं, "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण वर्तुळाच्या स्पर्शिकेचा अभ्यास करणार आहोत. स्पर्शिका ही त्रिज्येला लंब असते. असे का बरे?" खालची अक्षरं एकदम बिनचूक. चारही गावं चिडीचूप. त्याच्या स्वतःच्या वर्गातल्या पोरानं विचारलं, "सर, तब्येत बरी नाई का?"

तेवढ्यात चांदूर बाजारहून भिंती हलतील असा आवाज आला.

"सर, मिशी काढा!"

पोरं बाकावरून पडायची बाकी राहिली. साधना ओरडली, "पिंकी! खाली बस!" पण पिंकीचं तोंड पडद्याकडे, तिला साधना कुठून कळणार? ती बोलतच राहिली. "मले खालचं लिवलेलं नको! मी तोंड पाहून समजतो! पयले चित्र तुटे म्हणून बोललो नाई. आता चित्र साफ हाय. साऱ्यांचं समजते, तुमचंच नाई. तुमची मिशी आड येते!"

गजेंद्रचा हात आपोआप मिशीवर गेला. "पाहू," म्हणाला आणि तास संपवला.

रात्री फोन. मी म्हटलं, "काढून टाक. गवत आहे, पुन्हा येतं."

"म्याडम, तुमच्याकडे नाई ते. आमच्यात बाप मेल्यावर काढतात. माहा बाप जित्ता हाय."

मी बौद्ध घरातली, मला हे ऐकून माहीत, अंगवळणी नाही. मी म्हटलं, "मग त्यांना विचारून काढ."

"त्याहिले इचारलं त ते माहा हात काढतीन."

सहामाही तोंडावर आली होती. त्यानं बापाला विचारलं नाही. अकोटच्या बाजारात देवीदासच्या सलूनमध्ये गेला. देवीदासनं वस्तरा हातात घेतला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं, भाऊ?"

"कोनी नाई."

"नसन सांगायचं त नको सांगू," देवीदास म्हणाला, आणि त्यानं रेडिओ बंद केला.

गजेंद्र घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. शेजारच्या गल्लीतले खुशालराव टोपी हातात घेऊन, पडेल चेहऱ्यानं नत्थुजींच्या घरी आले. नत्थुजी अंगणात बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"काय बे खुशाल, भूत पाह्यलं का?"

"तुमी... तुमी हाय का?"

"मी नाई त कोन?"

"बजारात म्हणून राह्यले का तुमी गेले."

"कुठी गेलो?"

तेवढ्यात गजेंद्र फाटकातून आत आला. नत्थुजींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आता मी मेल्यावर काय काढशीन बे? नाक?"

त्या दिवसापासून ते पोराशी बोलेनासे झाले. सून वच्छला दोघांमधले निरोप पोचवून पोचवून कंटाळली. तिनंच शेवटी सासऱ्याला सांगितलं, "बाबाजी, एका पोरीसाठी काढली त्याहिनं. जाऊन पाहा तरी."

पुढच्या मंगळवारी अकोटच्या वर्गात शेवटच्या बाकावर मला एक पांढरी टोपी दिसली. काठी मांडीवर आडवी. ज्या पोरीपायी मिशी गेली तिला बघायला म्हातारा आला होता. आणि काठी काही चालण्यापुरतीच आणलेली दिसत नव्हती.

बिनमिशीचा गजेंद्र सोललेल्या संत्र्यासारखा दिसत होता. चार गावची पोरं नुसती त्याच्या तोंडाकडे बघत बसली. तो पुन्हा आपल्या बोलीवर आला होता. कॅमेऱ्याच्या जवळ तोंड आणून म्हणाला, "स्पर्शिका त्रिज्येले लंब." थांबला.

आणि मग तो आवाज आला. "काहून?"

पिंकीचा. तिचं वर्गातलं पहिलं 'काहून'. कोणी हसलं नाही. गजेंद्रनं आकृती काढली, कारण सांगितलं, शब्द न शब्द ओठांवर स्पष्ट. "काहून?" पुन्हा. त्यानं दुसऱ्या रीतीनं सांगितलं. "हे समजलं. पन केंद्रापासून तेच अंतर सर्वांत कमी, हे काहून?" गजेंद्र खडू घेऊन क्षणभर अडकला, तशी मागून काठी फरशीवर आपटली.

"अबे, इचारून राह्यली न ते! सांग न तिले!"

पोराशी इतक्या दिवसांनी बोललेलं हे पहिलं वाक्य.

तास सुटल्यावर नत्थुजी पडद्यापाशी आले. "बाई, मी दिसून राह्यलो का तुले?"

पिंकी हसायला लागली. "बाबाजी, तुमाले बी मिशी हाय! काही समजत नाई!"

म्हातारा मिशीवरून हात फिरवत वळला आणि पोराला म्हणाला, "पोरगी पास होईस्तोर वाढवजो नको."

सहामाहीत ती गणितात पास झाली. मनोजनं फॉर्म भरला. खालची अक्षरं बंद झाली, दुसरा मास्तर बघायचं कोणी नाव काढलं नाही. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी साधनानं पिंकीला पडद्यासमोर उभं केलं, आणि गजेंद्रनं त्याच दिवशी वस्तरा ठेवून दिला. मिशी परत आली. पांढरीशुभ्र.

आता पुन्हा तुझ्याशी, गजेंद्र.

निकालानंतर तू अमरावतीला आलास ते काखेत फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास मारून. तुला नोकरी लागली तेव्हा नत्थुजींनी गावच्या सुताराकडून सागवानी करून घेतलेला. "बाबा म्हणते, हे पोरीले दे," तू म्हणालास. कुरिअरनं मोडेल, म्हणून माझ्याकडे ठेवलास. ठरलं, की रविवारी मी अमरावतीहून निघायचं, तू परतवाड्यावरून यायचं, चांदूर बाजारच्या स्टॅन्डवर भेटायचं आणि तिच्या घरी जाऊन कंपास तिच्या हातात द्यायचा. पांढरी मिशीही दाखवायची. ती तर म्हणालीच होती, "आता आना मिशी, आता चालते."

त्या रविवारी तुझ्या शेतात पाणी सोडायचं निघालं. पुढच्या वेळी मोतीबिंदूसाठी माझा डोळा कापला. मग तू म्हणालास, "म्याडम, पिंकी अजून मंगळवारी वर्गात येऊन बसते, दिसतोच न सारे एकमेकाले," आणि मीही म्हटलं, हो, दिसतोच.

आता पिंकी अकोल्याला पॉलिटेक्निकला आहे. तुझ्यापासून बसनं तासाभरावर. आणि कंपास इथे, माझ्या दारामागे. काल झाडताना पदर अडकला त्यात. एका टोकाला तू लावलेला पिवळा खडू अजून तसाच आहे.