बुरशी धरलेला दाणा

माप मणा-शेराचं होतं तेव्हा नारायणगावच्या एका शेंगांच्या वखारीत मी काट्यावर होतो. शेंगा फोडायला बायका येत, त्यांत निरगुडसरची एक होती. नाव मी कधी विचारलं नाही. टरफलं सहज फुटावीत म्हणून मालक शेंगांवर पाणी शिंपडायला लावी. मग ढिगात दाण्यांना हिरवट बुरशी धरे. ही बाई प्रत्येक दाणा नाकाशी धरायची, नखाने उकलून आत बघायची आणि बुरशीचा असला की बाजूला टाकायची.

एकदा मालक खेकसला, "टाकतेस काय? घाण्याला जाऊ दे. तेलात कोणाला कळतंय?"

तिने पसाभर बुरशीचे दाणे त्याच्यापुढे धरले. "शेठ, आदी तुमीच खावा की. माजी म्हस ह्याला तोंड लावत न्हाई, अन् मानसांनी खायाचं व्हय?"

मालकाने एकही दाणा उचलला नाही. गोणीचं तोंड धरून मी नुसता उभा होतो, त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी तिला दारातूनच परत पाठवलं. मालक निवांत गादीवर टेकला. समोर बायकांची रांग कामाला लागली, आणि एकजात सगळ्या जणी प्रत्येक दाणा नाकाशी धरू लागल्या.