पुडी आणि बँड

धरणगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नानांचं जडीबुटीचं दुकान आहे. आवाजाने घाबरणाऱ्या कुत्र्यामांजरांसाठीही ते पुडी देतात, पण आधी विचारतात, "डॉक्टरले दखाडं का?" नाही म्हटलं तर बरणीला हात लावत नाहीत. दाखवलं असेल तर अश्वगंधेची चिमूट आधी स्वतःच्या जिभेवर ठेवतात, तोंड वाकडं करतात आणि मगच पुडी बांधतात.

मागच्या श्रावणात कानबाई देवीच्या मिरवणुकीचा बँड ऐकून आमचा मोत्या दोरी तोडून पळाला, तो दोन दिवसांनी सापडला. म्हणून यंदा मी पुडी आणली. "तुपात कालवून हातावरून चाटवा, अन् जवळ बसा," एवढंच ते म्हणाले.

यंदा कानबाई नानांच्याच घरी बसली होती. विसर्जनाला मी मोत्याजवळ बसून राहिलो. तो खाटेखाली थरथरत होता. बँड जवळ आला आणि आमच्या घराअलीकडेच एकदम थांबला. खिडकीतून पाहिलं, तर नाना ढोलावर दोन्ही हात दाबून ढोलवाल्याबरोबर चालले होते. बँडवाले वैतागले होते, नानांची सूनही कुरकुरत होती. बायका नुसती गाणी म्हणत आमच्या दारावरून गेल्या. पुढच्या वळणावर नानांनी हात काढले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "नाना, तुमचाच पुडीवर भरवसा नाही का?"

ओव्यातले खडे वेचताना त्यांनी मानही वर केली नाही. "पुडीवर शे, भाऊ. बँडवर नही."