शोल्डर पॅडची सरकारी चाचणी

आइस हॉकी खेळताना एका खेळाडूच्या खांद्याचं हाड मोडलं, त्याला मी जबाबदार आहे. हे आजवर मी घरातही बोललो नाही.

परदेशी माल आणायला तेव्हा नुकतीच मोकळीक मिळाली होती. गुडगावच्या एका नव्या कंपनीने आमच्या सरकारी कार्यालयात खेळाडूंच्या शोल्डर पॅडचे दोन नमुने पाठवले. एकाला खांद्यांवर टणक प्लॅस्टिकच्या वाट्या होत्या, दुसरा नुसत्या फोमचा. तुलना करून अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. ही हॉकी कार्यालयात कुणीच पाहिली नव्हती. मी तर बर्फच पाहिला होता तो उसाच्या रसातला.

नमुने सरोजिनी नगरच्या माझ्या सरकारी क्वार्टरवर आणले. जून महिना. बनियनवर पॅड चढवला आणि बायकोच्या हातात लाटणं दिलं. प्रत्येकी दहा फटके ठरले.

"अहो, जोरात मारू?"

"जोरातच. सरकारी काम आहे."

"आधी सांगायचंत. इतकी वर्षं उगाच थांबले."

वाट्यांवर दहाही फटके बसले, मला काही जाणवलं नाही. फोमवर तिसऱ्यालाच मी ओरडलो. शेजारच्या बाई धावत दारात आल्या. "भाभीजी, जाने दीजिए, माफ कर दीजिए!"

हिने घाम पुसत सांगितलं, "बस, सात और बाकी हैं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः दोन्ही पॅड घालून पाहिले. वाट्यांच्या पॅडमध्ये त्यांचा हात कानापर्यंत जाईना. "यार, इसमें फोन तक नहीं उठता, बंदा खेलेगा क्या?" फोमचा घालून त्यांनी तीन फोन केले. "बिल्कुल फिट. यही लिखो."

लाटण्याचं सांगता आलं असतं. पण माझ्या बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर होती. उजवा खांदा सुजलेला, पेन धरवत नव्हतं. तशा हाताने मी लिहिलं, 'फोमचा नमुना: आघात सोसण्याची क्षमता उत्तम.' खाली सही केली. फोमचेच पॅड खेळाडूंना वाटले गेले.

हिवाळा सरल्यावर लडाखचा एक खेळाडू हात गळ्यात अडकवून आला. उपचारांच्या खर्चाच्या कागदावर त्याला आमच्या कार्यालयाची सही हवी होती. समोरच्याची धडक थेट खांद्यावर बसली होती.

"पॅड पहना था?" मी विचारलं.

"पहना था, सर. पॅड अच्छा है, रिपोर्ट में लिखा है. मैं ही गलत गिरा."

मी सही करत म्हणालो, "आगे से ठीक से गिरना."

तो म्हणाला, "सॉरी, सर."

तो नीटच पडला होता. अहवाल खोटा होता.