साफ केलेला बांध

आमच्या मांडवगणात शेतकरी किती कामाचा, हे त्याच्या बांधावरून ठरतं. बांधावर गवत दिसलं की त्या घरात आळशी माणसं राहतात अशी सरळ समजूत. मी सून म्हणून आले तेव्हा आमच्या आणि चुलत दिरांच्या शेतांमधला बांध बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. बोरी, तरवड, घाणेरी, कुसळी गवत, सगळं माजलेलं. मला त्याची लाज वाटायची. दर नांगरटीला आम्ही इकडून थोडा कोरायचो, दीर तिकडून कोरायचे, आणि दोन्ही घरं एकमेकांना चोर म्हणायची. शेवटी सरकारी मोजणी आणली, कडाक्याचं भांडण झालं, आणि बोलणंच बंद पडलं.

उरलेला वीतभर बांध मी साफ केला. हे मी नवऱ्यावर ढकलणार नाही, तो नको म्हणत होता. एका बोरीवर फुलोरी मधमाश्यांचं मोहोळ होतं, तळहाताएवढं. खुरपायला येणाऱ्या बायकांना माश्या चावतील म्हणून मी खाली उसाचं पाचट पेटवलं आणि बोरीसकट मोहोळ जाळलं. वर तणनाशक मारलं. "वहिनी, बांध रोज झाडून घेता का काय?" असं येणारे-जाणारे विचारायचे. मी फुगून जायचे.

गेल्या वर्षी त्या बांधालगतच्या रानात डांगर लावलं, म्हणजे लाल भोपळा, तेही माझ्याच हट्टानं. नवऱ्याला ऊस हवा होता. डांगर फसलं असतं तर सगळं रान उसाखाली गेलं असतं आणि घरात माझ्या शब्दाला काही किंमत उरली नसती. वेल उत्तम वाढले, रान फुलांनी पिवळं झालं. मादी फुलाखाली सुपारीएवढं फळ दिसायचं, चार दिवसांत सुकून गळायचं. शिरूरच्या दुकानातून टॉनिक आणून मारलं. गळ थांबेना. मग मोबाइलवर व्हिडिओ बघून मी फुलं हातानं लावायला लागले. दिवस उगवता उगवता नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, मादी फुलात फिरवायचं. ऊन चढलं की फूल मिटतं. दोन ओळी होईपर्यंत कंबर मोडायची. माशी जे काम फुकट करायची ते मी करत होते, आणि वाईट करत होते.

रानाच्या कोपऱ्यात म्हसोबाचा दगड आहे. त्याच्याभोवतीच्या झुडपांना भीतीपोटी कुणी विळा लावत नाही, मीसुद्धा लावला नव्हता. एका सकाळी तिथवर गेले तर त्या बाजूच्या वेलींना कुणी हात न लावता डांगरं धरलेली. फुलाफुलात माश्या घुमत होत्या. आधी स्वतःची चीड आली, मग हसू आलं. देवाच्या धाकानं जेवढं वाचलं होतं, तेवढंच माझं पीक वाचलं होतं.

उसात बिबट्या दिसला की आमचं गाव गोळा होतं, फोटो निघतात, पिंजरा येतो. माशी गेली तेव्हा कुणाला पत्ताही लागला नाही. निसर्ग वाचवा म्हटलं की आम्हाला लांबचं जंगल आठवतं. आमच्याकडं जंगल कुठलं? आमच्याकडं बांध आहे. तितर, सरडे, मुंगूस, माश्या त्या पट्ट्यावर जगत होते आणि त्यांच्या जिवावर आमचा भाजीपाला पिकत होता. हे मी आता सरपंचापासून कृषी अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठासून सांगते. यंदा नवऱ्याला कसंबसं पटवून पुन्हा डांगरच लावलंय, आणि फुलं लावायला पहाटे मी अंथरुणातून उठतसुद्धा नाही.

पण त्यासाठी आधी दिरांच्या दारात जावं लागलं. माझ्या एकटीच्या वीतभर जागेनं भागणार नव्हतं, दोन्हीकडून मागं सरायला हवं होतं. नवरा म्हणाला, "तूच जा. मला न्हाई जमायचं."

दीर ओट्यावर सुपात कांद्याचं बी निवडत होते. मला बघून म्हणाले, "परत मोजणी आणताय का काय?"

"न्हाई, भाऊजी. मी माझ्या अंगानं चार हात सोडते. तुम्ही दोन सोडा. झुडपं वाढू द्यायची, औषध मारायचं न्हाई."

"कशापायी?"

मी डांगराचं सांगितलं. मोहोळ जाळल्याचंही सांगितलं.

"ते माहीत हाय मला," ते म्हणाले. "धूर माझ्याच रानात आला व्हता. त्या सालापासनं माझं कारलं धरत न्हाई. वढ्याकडच्या रानात बायकू रोज पहाटं फुलं हातानं लावतीया."

"मग एकदा तरी सांगायचं, भाऊजी!"

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"बोलचाल कुठं व्हती, वहिनी, आपली?"