कापसातली मरळ

जिवंत मरळ कापसाच्या बंडीत लपवू नये. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि असं काही सांगावं लागेल हे कोणाच्या डोक्यातही आलं नसावं.

त्या वर्षांत आमच्याकडे कापूस सरकारलाच घालावा लागे, आणि सरकारला कसली म्हणून घाई नसे. नेरच्या खरेदी केंद्रासमोर बैलबंड्यांची रांग लागायची ती पार नाक्यापर्यंत. कधी गोदामात जागा नाही, कधी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला नाही, कधी आला पण जेवायला गेला. आम्ही बंडीखाली निजायचो, बंडीवर जेवायचो आणि बैलांशी बोलायचो. तिसऱ्या दिवशी बैलही तोंड फिरवायचे.

मी बुधवारी रांगेत लागलो. निघताना बायकोनं बजावलं होतं, "शुक्रवारी दिवे लागायच्या आत घरी पाह्यजे तुमी. शनवारची एसटी चुकली तर माह्या भाचीच्या कानात नाव कोण सांगन? तुमचा ग्रेडर?"

तिच्या भावाला लग्नानंतर दहा वर्षांनी मुलगी झाली होती. रविवारी महागावला बारसं होतं आणि पोरीला आत्या एकच, ती ही. पण आमची म्हैस फक्त दोघांना दूध काढू द्यायची. हिला आनंदानं आणि मला नाइलाजानं. मी घरी पोचल्याशिवाय हिला घर सोडता येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी माझ्यापुढे अजून अकरा बंड्या होत्या. सगळ्यात जवळची, म्हणजे माझ्या बैलांच्या नाकासमोरची, चाचांची. चाचांचं नेरमध्ये पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि गावाबाहेर चार एकर कापूस. त्यांनी बंडीच्या तळातून दोरा आणि गळ काढला.

"भाऊ, ग्रेडर बाराच्या आत नाही येत. तलावावर येता का?"

तलाव केंद्राच्या मागेच होता. नियम मात्र कडक. बंडीजवळ माणूस दिसला नाही की बंडी रांगेतून बाहेर, थेट शेपटाला. चाचांनी आपली टोपी जुवावर ठेवली. "हा मी बसलो इथं," म्हणाले. मग मीही माझा दुपट्टा माझ्या जुवावर बसवला.

मासेमारीत माझा अनुभव एवढाच, की मी गळानं जितके मासे पकडले त्याहून जास्त वेळा गळानं मला पकडलं होतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसून मी गळाला गांडूळ लावलं, वर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधला आणि चाचांना गप्पा सांगू लागलो.

"भाऊ, तुमी बोलून बोलून मासे भगवून राह्यले."

"मी तर बोलावून राह्यलो, चाचा."

"इलेक्शन है क्या? चुप बसा थोडं."

मी चूप बसलो आणि धांडा बुडाला. चाचा ओरडले, मी ओढलं, आणि पाळीवर एक मरळ येऊन पडली. घरात सांगताना ती दरवर्षी वाढत गेली आहे, पण इथं लिहायचं म्हणून खरं सांगतो. एक वीत आणि वर चार बोटं.

तेवढ्यात रांगेकडून आरोळी आली, "बंड्या पुढे घ्याऽ!" ग्रेडर साडेदहालाच टपकला होता. आम्ही पळालो. चाचा साठीचे, तरी माझ्या पुढे. पोचतो तर रजिस्टर घेतलेला कारकून एकेक बंडी बघत आमच्याच दिशेनं येत होता.

"फेका ते!" चाचा कुजबुजले.

जन्मात पहिल्यांदा खरा मासा लागलेला माणूस तो फेकत नसतो. मी मरळ कापसात खुपसली, पार बगलेपर्यंत हात घालून.

"पाय कायले ओले?" कारकुनानं विचारलं.

"बैलांना पाणी पाजलं."

मरळ पाण्याबाहेरही तास न् तास जिवंत राहते. हे मला माहीत होतं. त्या घटकेला आठवलं नाही, इतकंच.

पुढच्या तासाभरात माझा नंबर आला. ग्रेडर हडकुळा, स्वेटर घातलेला. वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे त्यानं बघितलंही नाही, कारण वर चांगला माल सगळेच लावतात. बाही सरकवली आणि बंडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला. थांबला. आतून कोणीतरी शेकहँड केल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"साप!"

ग्रेडर दहा पावलं मागे, माझे बैल दहा पावलं पुढे. धाप ओसरल्यावर त्यानं आपला हात बघितला. ओला.

"कापूस ओला आहे. बंडी बाजूला काढा. वाळवून सोमवारी आणा."

सोमवार म्हटल्यावर मला ग्रेडर दिसेनासा झाला. दिसली ती बांधलेली पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली बायको, आणि महागावात आत्याविना टांगलेला पाळणा.

"साहेब, कापूस कोरडा आहे," मी म्हणालो. "मरळ ओली आहे."

आणि ती बाहेर काढली. अंगभर कापूस चिकटून ती म्हातारीसारखी पांढरी झाली होती आणि माझ्या हातात फडफडत होती. सगळी रांग गोळा झाली. वजनकाट्याजवळून चाचा ओरडले, "साहब, बोंडअळी तो सबके कापसात निघते. भाऊच्या कापसात मरळ निघाली!"

ग्रेडरलाही हसू आवरेना. त्यानं दुसऱ्या बाजूनं मूठभर कापूस काढला, दाबला, गालाला लावून बघितला. कोरडा. तरी झालेल्या अपमानापोटी एक ग्रेड खाली उतरवलीच.

"आणि मासा कोणाचा?"

कारकून रजिस्टर उघडून माझ्या ओल्या पायांकडे बघत होता.

"माहीत नाही, साहेब."

चाचा आभाळ बघू लागले.

"मग जमा करा."

आमच्याकडे कापूस फक्त सरकार घ्यायचं, त्या दिवशी मरळही घेतली. पावती तेवढी कापसाचीच मिळाली.

दिवेलागणीला घरी पोचलो. उशीर का, म्हणून विचारलं तर "ग्रेडर कडक होता" एवढंच सांगितलं. हिनं एकदा नाक वर करून हवा हुंगली, आणि परत पिशवी भरायला लागली. सकाळी ती गेली. माझ्या हाताचा वास म्हशीला आवडला नाही आणि तिनं दोन दिवस बादली लाथाडली.

सोमवारी बायको आली. पिशवी खाली ठेवली, पाणीसुद्धा मागितलं नाही.

"महागावच्या एसटीत एक माणूस सांगून राह्यला होता, नेरले कोण्या येड्याच्या कापसातून मरळ निघाली म्हणून. सारी एसटी हासे. मीबी हासली. मंग तुमच्या हाताचा वास आठवला. बारशात पोरीच्या कानाशी वाकली, अन् नेमकी तवाच ते मरळ डोयापुढे आली. नावाच्या आधी हासूच निघालं. बायांनी पाठीत आठ बुक्के घातले. त्यातले चार आत्या म्हणून माह्या मानाचे. बाकीचे चार हासल्याचे, ते घरी आणले. वळा, पाठ करा इकडे."