फक्त मराठी बघायचं

माझी बायको अक्कलकोटच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. ती सकाळच्या पहिल्या एसटीनं निघते, म्हणून मुलीची वेणी घालणं, डबा भरणं, तिला शाळेच्या रिक्षात बसवणं ही आमच्या घरात माझी कामं. बाकी वेळ मी घरी बसून लिहितो, असं मागच्या वर्षापर्यंत सांगता यायचं. गल्लीत मला सगळे ‘सर’ म्हणतात. मी कुठं शिकवलंय म्हणून नाही, मॅडमचा नवरा म्हणून.

समोरच्या घरातल्या मावशी उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. घरात त्यांचं तेलुगू, आमच्याशी मराठी. रिक्षा गेली की त्या विचारायच्या, “काय सर, आज बी घरीच व्हय?”

“घरीच काम असतंय की मावशी.”

“बरंय बाबा,” असं म्हणून त्या पुढची विडी वळायला घ्यायच्या. त्यांना माझी कीव येत होती की हेवा वाटत होता, ते मला कधी कळलं नाही.

काम म्हणजे गोष्टी. पुण्यातली एक कंपनी लहान मुलांसाठी मोबाइलवर ऐकायच्या मराठी गोष्टी काढायची. मी लिहून पाठवायचो, तिकडं कुणीतरी त्या वाचून रेकॉर्ड करायचं. पाठवण्याआधी दुपारी त्या मुलीला वाचून दाखवायच्या, असं ठरूनच गेलं होतं. ती शाळेतून यायची, दही-भाकरी आणि शेंगाचटणी खायची आणि कूलरसमोर फरशीवर पालथी पडायची. बाहेर रस्ता तापून ओस पडलेला असायचा. मी वाचायला लागलो की दोन-चार ओळींतच तिचा हात वर.

“थांब. शेळी असं म्हणणार नाही.”

“का?”

“शेळी कुणाला थँक्यू म्हणत नसती बाबा. ती खाती आणि जाती.”

तिला हे माहीत होतं. सांगोल्याकडे तिच्या आजोळी शेळ्या आहेत आणि सुट्टीत ती त्यांच्याच मागं असते. मी मुकाट्यानं ओळ खोडायचो. कधी तिच्या हट्टापायी अख्खा शेवट बदलायचा, आणि बदललेला शेवट बहुतेक वेळा बरा निघायचा. लिहिण्यातला माझा सगळ्यात सुखाचा काळ तोच. त्या वेळी मात्र मला वाटायचं की हे आपलं पोटापुरतं चाललंय, खरं लिखाण अजून पुढं आहे.

मग कंपनीतल्या बाईंचा फोन आला. बोलायला त्या फार गोड होत्या. म्हणाल्या, “सर, आता गोष्टी आपल्याकडे तयार होऊनच येणार. मशीनवर. तुम्ही फक्त मराठी बघायचं.”

पहिल्या काही गोष्टी आल्या तेव्हा आम्ही बापलेक पोट धरून हसलो. एक ससा ‘आपल्या भावना सामायिक करत’ होता. एका माकडानं झाडाला भेट दिली होती. मुलगी ती वाक्यं पाठ करून आईला म्हणून दाखवायची, “आई, मी आत्ता भाकरीला भेट देऊन आले.” बायकोसुद्धा पिशवी खाली न ठेवता हसत उभी राहायची. मला मनातून बरं वाटायचं. म्हटलं, अजून पुष्कळ वर्षं आपली गरज लागणार.

पण चुका कमी होत गेल्या. मी दुरुस्त करून पाठवायचो आणि पुढच्या खेपेला ती चूक नसायची. उन्हाळा संपेपर्यंत मी एखादा स्वल्पविराम हलवायचो, एखाद्या ठिकाणी ‘आणि’चा ‘अन्’ करायचो आणि उगाच अर्धा दिवस फाइल उघडी ठेवायचो. पुढं स्वल्पविराम हलवायलाही कुणी बोलावलं नाही. मी एकदोनदा फोन केला. बाई म्हणाल्या, “काही असलं तर नक्की कळवते सर.” आवाज पहिल्यासारखाच गोड होता.

त्याच दिवसांत एका दुपारी मुलगी आईचा जुना मोबाइल कानाशी धरून पडली होती. एकदम खुदकन हसली. विहिरीत राहणाऱ्या एका कासवाची गोष्ट होती. संपल्यावर ती माझ्याकडे वळली, थोडी रुसलेलीच.

“बाबा, ही तू कधी लिहिलास? मला आधी वाचून का नाही दाखवलास?”

“ही माझी नाही.”

“मग कुणाची?”

“कुणाचीच नाही. मशीनची.”

“असं कसं? कुणीतरी लिहिलंच असंल की.”

मी मोबाइल घेतला आणि ती गोष्ट पहिल्यापासून ऐकली. कुठंतरी अडखळेल, कुठंतरी शेळी थँक्यू म्हणेल, याची वाट बघत होतो. तसं काही झालं नाही. गोष्ट चांगली होती. कासवाला वर यायचं नव्हतं, आणि ते का यायचं नव्हतं तेही पटत होतं. मी मोबाइल परत दिला. तिनं पुढची गोष्ट लावली.

दसऱ्याच्या आधी मी तिला घेऊन नवी पेठेत गेलो. तिला रिबिनी घ्यायच्या होत्या. शिवाय तिथं एका साडीच्या दुकानाच्या मालकांना मी पूर्वी सणांच्या जाहिराती लिहून द्यायचो, त्यांनाही भेटायचं होतं. मालक जुन्या ओळखीचे. त्यांनी आम्हाला गादीवर बसवलं, मला चहा सांगितला, तिला गोळी दिली. मी कामाचा विषय काढायच्या आत मुलीनंच काढला.

“माझे बाबा गोष्टी लिहितात.”

“मला म्हाईत हाय की,” मालक म्हणाले. “लई भारी लिहितात. आता हे बी लिहितंय बघ.” त्यांनी मोबाइल पुढं केला. “तुला कशाची गोष्ट पाहिजे?”

ती म्हणाली, “लाल रिबीनवाल्या शेळीची.”

मालकांनी मोबाइलला तसं सांगितलं आणि चहा यायच्या आत गोष्ट आली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. गादीवर साड्या बघायला बसलेल्या दोन बायका कौतुकानं ऐकत होत्या. मुलीचे डोळे चमकले होते. मालकांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “जाहिराती बी यातच काढतो सर आता. तुम्हाला कशाला तरास?” मी मान हलवली. चहा फार गोड होता, तो संपवला.

बाहेर गर्दीत तिनं माझं बोट घट्ट धरलं होतं. रिक्षांचे हॉर्न वाजत होते. मला वाटलं ती गोष्टीबद्दल बोलेल. रिबिनी घेऊन झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, आता तू काय करणार?”

“बघू.”

“मावशींसारख्या विड्या वळ. घरीच असतंय.”

ती चेष्टा करत नव्हती.

दिवाळीनंतर बायकोच्या ओळखीनं एका शिकवणीत काम मिळालं. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवायचं, दुपार ते संध्याकाळ. आता मी खरोखरच सर झालो. पत्र्याखालच्या वर्गात मुलं घामानं भिजून समास पाठ करतात. समास कशाला लागतो असा प्रश्न त्यांना पडत नाही आणि मीही सांगत नाही. त्यांना गुण हवे असतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना नोकरी लागणार नाही, हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. आम्ही ते एकमेकांना बोलून दाखवत नाही.

मुलगी शाळेतून आली की मावशींकडे जाते, बायको येईपर्यंत तिथंच असते. परवा बायकोची बस चुकली म्हणून शिकवणी सुटल्यावर मीच मुलीला आणायला गेलो. ती मावशींच्या मांडीला टेकून बसली होती. घरी येता येता मला मावशींची कसलीशी गोष्ट सांगायला लागली. कुठली तरी राणी होती, एक म्हैस होती, बाकी अर्धं तेलुगू. मी अर्थ विचारला तर खो खो हसली. “तुला नाही कळायचं बाबा. मावशींनाच येतंय ते.” आणि हात नाचवत तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मी ऐकत होतो. तिचा चेहरा इतका फुलला होता की बघत राहावं. पण हे लिहून ठेवावं असं काही मला वाटलं नाही. तिला भूक लागली होती, म्हणून मी आमटी गरम करायला ठेवली.