आमच्या घरातला लिनक्स आणि सतरावा सोमवार

आता हसणारच असाल तर हातातला चहाचा कप आधी खाली ठेवा. कारण हा किस्सा सांगताना माझी मलाच इतकी लाज वाटते ना, की मध्येच तुम्ही फिस्सकन हसलात तर मी पुढचं सांगायचीच नाही!

तर झालं असं. श्रावणात मी सोळा सोमवार धरले. कशासाठी? सांगलीला माझ्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन नीट होऊ दे, आईंना पुन्हा लख्ख दिसू दे, एवढंच मागणं. आणि झालं हो नीट! आई म्हणाल्या, "सूनबाई, उद्यापन मी नव्या डोळ्यांनी बघणार. पूजा तू कर, कहाणी मी वाचते."

मी इथे इंग्लंडात रीडिंगला, आई सांगलीला. म्हणजे सगळी भिस्त आमच्या जुन्या लॅपटॉपवर.

आणि नेमकं उद्यापनाच्या आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या ह्यांनी काय करावं? हे डॉक्टर आहेत, हॉस्पिटलात लोकांना भूल देतात. घरी आले की कॉम्प्युटरच्या मागे.

"अगं, याला आता जुन्या सिस्टिमचे अपडेट मिळणार नाहीत. मी त्याऐवजी लिनक्स टाकलंय. नव्यासारखा झाला बघ! फुकट असतं. कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरातल्या लोकांनी मिळून केलेलं."

"म्हणजे बिघडलं तर भांडायचं कुणाशी?"

"बिघडत नाही गं. साध्या घरगुती माणसाला एकदम छान."

घरगुती माणूस म्हणजे मी. मला तर बाई तो भिशीतल्या सगळ्या बायकांनी मिळून केलेल्या आमटीसारखा प्रकार वाटला. मीठ कुणी घातलं, कुणालाच ठाऊक नाही! पण म्हटलं, असू दे. 'नव्यासारखा झाला' म्हणतात, तर घरात नवीन आलेल्या वस्तूचं करायचं ते करावं. गाडी आली तेव्हा केलं, वॉशिंग मशीन आलं तेव्हा केलं. लॅपटॉप उघडून देवापुढे ठेवला, हळदकुंकू लावलं, चार अक्षता वाहिल्या, हात जोडले. "बाबा रे, उद्या लाज राख!"

हे लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवलं.

सोमवार उजाडला. कडक उपास. चुरमा करून झाकून ठेवला, बेलाची पानं धुऊन ठेवली. आमच्याकडे दुपारचे बारा, सांगलीला साडेपाच. तिकडच्या दिवेलागणीला पूजा, आणि बरोबर त्याच वेळी मी व्हिडिओ कॉल लावला. आई नवी साडी नेसून, पोथी मांडीवर घेऊन बसलेल्या. किती गोड दिसत होत्या!

"आई, दिसतेय का मी?"

आईंनी डोळे बारीक केले. मग मोठे केले. मग एकदम छातीवर हात.

"अगं बाई! लाल! सगळं लालभडक! सूनबाई, माझे डोळे गेले गं!"

सोळा सोमवार वाया? मी काय चुकले? तिसऱ्या सोमवारी नकळत मिठाचं बिस्किट तोंडात टाकलं होतं, ते भोवलं का?

तेवढ्यात कोपऱ्यातल्या चौकोनात माझंच चित्र दिसलं. तेही लाल! मध्ये काळपट, कडेला पिवळसर. जिवात जीव आला, आणि पाठोपाठ डोक्यात तिडीक.

"आई, डोळे नाहीत हो गेले! हे लिनक्स आहे, लिनक्स!"

"डॉक्टर तर मोतीबिंदूच म्हणाले होते गं," आई रडवेल्या झाल्या. "हे नवीन काय निघालं?"

ह्यांना फोन लावला. हे हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सँडविच खात होते. मी उपाशी, आणि हे सँडविच!

"कॅमेऱ्यावर काही आलंय का बघ."

"मी घाण ठेवते का घरात? सकाळीच पडदा पुसलाय!" पडदा पुसला होता हो. वरच्या कडेचं हळदकुंकू मात्र भक्तिभावाने वगळून!

"बरं, मग एक कमांड सांगतो, ती दे. आता पासवर्ड टाइप कर."

"काही उमटतच नाहीये!"

"उमटत नाहीच. ते तसंच असतं. तू टाइप करत राहा."

"जे दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा?"

"मग सोळा आठवडे तू काय करते आहेस?"

तीनदा टाइप केलं, तीनदा चूक! एक बटण धड दाबलंच जाईना. "साधं घरगुती माणूस म्हणे! संध्याकाळी आलात की आधी हे काढा आणि जुनं घाला," म्हणून फोन आपटला. तिकडे आई डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायला रिक्षा मागवू लागल्या. "आई, थांबा हो!" "कशी थांबू? लाल दिसतंय ना!"

एवढ्यात बेल वाजली. शेजारची जीन, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. तिला प्रसादाला बोलावलं होतं. कोट काढता काढता तिची नजर लॅपटॉपवर गेली आणि चेहरा फुलला.

"ओ, हाऊ लव्हली! युअर कॉम्प्युटर्स वेअरिंग अ बिंदी!"

मी बघितलं. लॅपटॉपच्या वरच्या कडेवर, अगदी मधोमध, जिथे त्याचं कपाळ असायला हवं तिथे, मी लावलेलं ठसठशीत हळदकुंकू. आणि त्याच्या बरोब्बर खाली कॅमेरा!

जीनने खिशातला रुमाल काढून हळूच पुसलं.

"दिसलीस! दिसलीस गं!" सांगलीहून आई ओरडल्या. "अगं, तुझ्या नथीतला मोतीसुद्धा दिसतोय!"

मग काय, पूजा झाली. आईंनी चष्म्याशिवाय कहाणी वाचली, एक शब्द अडला नाही. मी रडले थोडी, खोटं कशाला बोलू? जीनने तोवर लॅपटॉप उलटा करून टपटप आपटला. बटणाखालून दोन अक्षता पडल्या.

"माझ्याकडे सहा वर्षं लिनक्सच आहे," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "शब्दकोडी, बागेचे फोटो, नातवंडांशी गप्पा. कधी काही त्रास नाही." मग तळहातावरच्या अक्षता मला दाखवत म्हणाली, "पण मी त्याला कधी तांदूळ खाऊ घातले नाहीत."

संध्याकाळी हे जुनी सिस्टिम घालायला बाह्या सरसावूनच आले. "नेमका काय प्रॉब्लेम होता?" मी त्यांच्या तोंडात चुरम्याचा मोठा घास कोंबला. पण सांगलीहून त्यांना आधीच फोन गेलेला! लॅपटॉपच्या कपाळाकडे बघून, तोंडात घास असताना हे इतके हसले, की अर्धा प्रसाद कार्पेटवर.

झोपण्याआधी नमस्कार करायला आईंना फोन केला. त्यांनी आशीर्वाद दिला, कौतुक केलं, आणि मग अगदी मायेने म्हणाल्या,

"सूनबाई, माझ्या डोळ्यांसाठी सोळा सोमवार केलेस. आता चार-दोन स्वतःच्या डोळ्यांसाठीही धर हो."